हवेतला टन आणि कागदावरचा टन



स्मृतिव्याख्यानासाठी बोलावणं येणं हा मान असतो आणि जबाबदारीही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर सार्वजनिक संस्थांचे हिशेब चोख राहावेत म्हणून आग्रह धरला. आजचा माझा विषयही हिशेबाचाच आहे. फक्त या हिशेबाची वही टनांत लिहिली जाते.

विमानाचं तिकीट ऑनलाइन काढताना काही कंपन्या शेवटी एक छोटा चौकोन दाखवतात. थोडे पैसे जास्त भरा, तुमच्या प्रवासाच्या कार्बनची भरपाई आम्ही करू. बुटांच्या खोक्यावर, कॉफीच्या पाकिटावर, मनगटी घड्याळाच्या जाहिरातीत 'कार्बन न्यूट्रल' असं छापलेलं दिसतं. आपण वाचतो, बरं वाटतं आणि पुढे जातो. आज मात्र तिथे थांबू या. या कंपनीने नेमकं काय विकत घेतलं? कोणाकडून घेतलं? कोणत्या भावाने घेतलं? आणि घेण्याजोगं तेच आहे, हे तिने कशावरून ठरवलं?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला टन ही घडून गेलेली गोष्ट आहे. तो हवेत आहे याबद्दल वाद नाही. त्यातला बराचसा भाग शतकानुशतकं हवेत राहणार आहे. त्याच्या बदल्यात विकत घेतलेला टन हे मात्र वचन असतं. कुठेतरी झाड वाढेल, कुठेतरी जंगल तुटायचं थांबेल, कुठेतरी चूल कमी लाकूड जाळेल, असं वचन. हवेतला टन पक्का आहे, कागदावरचा टन कधी पक्का असतो, कधी कच्चा, कधी नसतोच. म्हणून भरपाईचा मार्ग निवडताना कंपनीने सर्वांत आधी वचनाचा पक्केपणा पाहिला पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती सर्वांत आधी भाव पाहते. या एका उलट्या क्रमातून बाकीचे सगळे घोटाळे निघतात.

मांडणी तीन भागांत करतो. ही कल्पना आली कुठून, कंपन्या निवड कशी करतात आणि ती कशी करायला हवी.

कल्पना आली कुठून?

साल १९८८. अमेरिकेतली एईएस ही वीजकंपनी कनेटिकट राज्यात कोळशावर चालणारं वीजकेंद्र उभारत होती. हवामान बदलाची चर्चा तेव्हा नुकती सुरू झाली होती. कंपनीने वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेला विचारलं, आमचं केंद्र जेवढा कार्बन सोडेल तेवढा दुसरीकडे शोषून घेता येईल का? वेगवेगळे प्रस्ताव तपासले गेले आणि निवड झाली मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाची. तिथे 'केअर' ही संस्था आधीपासूनच शेतकऱ्यांबरोबर झाडं लावण्याचं काम करत होती. एईएसने २० लाख डॉलर दिले. सुमारे ४० हजार छोटे शेतकरी आणि पाच कोटींहून जास्त झाडं, असा तो आराखडा होता.

कायद्याची सक्ती नव्हती, दंडाची भीती नव्हती. एका कंपनीने आपणहून उचललेलं ते पाऊल होतं आणि त्यामागचा हेतू प्रामाणिक होता असंच मी मानतो. पण नंतरच्या पस्तीस वर्षांत उभे राहिलेले सगळे प्रश्न या पहिल्याच प्रकल्पात दिसतात. काम आधीच चालू होतं, मग एईएसच्या पैशाने जास्तीचं किती झालं? गरीब शेतकऱ्यांनी झाडं राखायची म्हणजे त्यांच्या जळणाचं काय करायचं? दहा वर्षांनी तपासणी झाली तेव्हा प्रकल्प ठरलेल्या लक्ष्याच्या बराच मागे होता. ते वीजकेंद्र पुढे २०११ मध्ये बंद पडलं. त्याने सोडलेला कार्बन मात्र आजही हवेत आहे.

१९९७ मध्ये क्योटो करार झाला आणि या कल्पनेला आंतरराष्ट्रीय चौकट मिळाली. श्रीमंत देशांनी गरीब देशांतल्या स्वच्छ प्रकल्पांना पैसा द्यायचा आणि तिथे वाचलेला कार्बन आपल्या खात्यावर मांडायचा. या यंत्रणेत चीनच्या खालोखाल सर्वाधिक प्रकल्प भारतात नोंदले गेले. पवनचक्क्या, उसाच्या बगॅसवर वीज करणारे कारखाने, छोटे जलविद्युत प्रकल्प. 'कार्बन क्रेडिट' हे शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानावर आले ते याच काळात. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच उष्णता धरून ठेवणारा दुसरा वायू.

त्याच्या शेजारी दुसरा बाजार उभा राहिला, ऐच्छिक खरेदीचा. तिथे सरकार सांगत नाही, कंपनी स्वतःहून विकत घेते. २०२१ च्या सुमाराला हा बाजार वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि नंतर दोन वर्षांत निम्म्याहूनही खाली घसरला. का घसरला, ते आता पाहू.

कंपनी निवडते कशी?

चाकणच्या पट्ट्यातला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. त्याचं उत्सर्जन तीन कप्प्यांत मोजतात. पहिला कप्पा स्वतःच्या आवारातला, म्हणजे भट्टीतला गॅस आणि जनरेटरचं डिझेल. दुसरा, महावितरणकडून घेतलेल्या विजेमागे जळलेला कोळसा. तिसरा कप्पा बाकी सगळ्याचा. विकत आणलेलं पोलाद, माल नेणारे ट्रक, कामगारांचा प्रवास आणि तो भाग ज्या गाडीत बसला तिचं आयुष्यभराचं इंधन. बहुतेक कंपन्यांचा तिसरा कप्पा सर्वांत मोठा असतो आणि त्यावर त्यांचा ताबा सर्वांत कमी असतो.

मोजणी झाली, आकडा आला. आता तो खाली आणायचा. भट्टी बदलायला पैसा लागतो, छतावर सौर पॅनेल बसवायला वेळ लागतो, पोलाद पुरवणाऱ्याला त्याची पद्धत बदलायला लावणं तर आपल्या हातातच नाही. त्यात परदेशी ग्राहकाला यंदाच्या अहवालात ठरावीक आकडा हवा असतो. मार्चअखेर जवळ आलेली असते. अशा वेळी दलालाकडून कोष्टक येतं. अमुक देश, अमुक प्रकल्प, अमुक सालची क्रेडिटं, इतके डॉलर टनाला. एका दुपारी सौदा होतो. निवड होते ती इथे, या कोष्टकासमोर.

हे कोष्टक वाचताना कंपनीपुढे पाच गोष्टी असतात. लक्षात राहाव्यात म्हणून मी त्यांना पाच 'क' म्हणतो. किंमत, कथा, कागद, काळ आणि कोण.

पहिला 'क', किंमत. सर्वांत स्वस्त टन कुठे मिळतो? या प्रश्नाने या बाजाराचं सर्वांत जास्त नुकसान केलं. फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रांत लागणारा एचसीएफसी-२२ हा वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा दुसरा वायू आपोआप तयार होतो. क्योटोच्या हिशेबात त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांबरोबर धरला होता. तो जाळून टाकायला खर्च फार थोडा. म्हणजे एक टन जाळा आणि ११,७०० क्रेडिटं घ्या! परिणाम काय झाला? मूळ मालापेक्षा टाकाऊ वायू जाळण्यातच जास्त कमाई होऊ लागली. चीनमध्ये आणि भारतातही असे कारखाने होते. क्रेडिटं मिळावीत म्हणून हा वायू जास्तीचा तयार होतो आहे, अशी रास्त शंका उभी राहिली. अखेर युरोपने मे २०१३ पासून आपल्या बाजारात ही क्रेडिटं बंद केली. २०१६ मध्ये अशा वायूंवरच्या किगालीच्या परिषदेच्या वेळी भारत सरकारने आपल्या कारखान्यांना आदेश दिला की हा वायू स्वखर्चाने जाळा. जे काम एका सरकारी आदेशाने झालं, त्यासाठी आधी कित्येक वर्षं जगाने कितीतरी पट पैसे मोजले होते.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. साताऱ्याच्या आणि धुळ्याच्या पठारांवर पवनचक्क्या फिरताना आपण पाहिल्या आहेत. त्या चांगल्याच आहेत, त्या हव्याच आहेत. पण प्रश्न असा, की क्रेडिटचे पैसे मिळाले नसते तर त्या उभ्या राहिल्या नसत्या का? भारतातल्या पवनऊर्जा प्रकल्पांचा अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला. निदान ५२ टक्के क्रेडिटं अशा प्रकल्पांना मिळाली होती, जे बहुधा तसेही उभे राहिलेच असते. आता याचा अर्थ नीट पाहा. कोणा दूरच्या कंपनीने तिथली क्रेडिटं घेतली आणि तेवढा धूर आपल्या वहीतून वजा केला. पवनचक्की तर फिरणारच होती. मग हवेतून काय वजा झालं? काहीच नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये या बाजाराच्या गुणवत्तेवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नवीकरणीय विजेच्या आठ जुन्या पद्धतींना आपला दर्जा नाकारला. बाजारात शिल्लक असलेली सुमारे एक तृतीयांश क्रेडिटं या एका निर्णयात आली.

दुसरा 'क', कथा. कंपनीला अहवालात छापायला छायाचित्र हवं असतं. हिरवं जंगल, हसरी मुलं, नवी चूल. सुधारित चुलीचे प्रकल्प या कारणाने फार लोकप्रिय झाले. घरातला धूर कमी होतो, बाईचे डोळे आणि छाती वाचते, लाकडाची मोळी हलकी होते. यातलं काहीही खोटं नाही. पण क्रेडिट धुराच्या त्रासावर मिळत नाही, ते वाचलेल्या लाकडावर मिळतं. तो हिशेब करताना तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. नवी चूल वर्षातून किती दिवस पेटते? तिच्यावर जेवण शिजताना जुनी चूल शेजारी चालूच असते का? आणि जे लाकूड वाचलं, ते जंगल कायमचं तोडून येत होतं की पडलेल्या फांद्यांतून? कोणत्याही खेड्यातल्या बाईला विचारा. भाकरीला मोठा जाळ लागतो, पाहुणे आले की मोठं पातेलं छोट्या चुलीवर बसत नाही, पावसाळ्यात ओलं जळण जुन्या चुलीतच लवकर पेटतं. एका घरात सिलिंडर, नवी चूल आणि जुनी चूल अशी तिन्ही एकत्र नांदतात. कागदावर मात्र जुनी चूल बंद झालेली असते. २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की तपासलेल्या चूल-प्रकल्पांनी प्रत्यक्ष बचतीपेक्षा सुमारे नऊ पट क्रेडिटं घेतली होती. नऊ पट! कथा खरी आणि आकडा खोटा, असंही होऊ शकतं. हे कंपनीने ओळखलं पाहिजे.

तिसरा 'क', कागद. प्रमाणपत्र आहे ना, मग झालं, असं कंपनीला वाटतं. ते स्वाभाविकही आहे. व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड अशा संस्था नियम ठरवतात आणि नोंदी ठेवतात, स्वतंत्र तपासनीस जागेवर जाऊन पाहतात. पण तपासनिसाला पैसे कोण देतं? ज्याचा प्रकल्प तपासायचा, तोच. विद्यार्थ्याने आपला परीक्षक स्वतः निवडावा आणि मानधनही स्वतःच द्यावं, तशी ही व्यवस्था आहे. क्रेडिटं जितकी जास्त निघतील तितकं विक्रेत्याचं, दलालाचं आणि नोंदणी संस्थेचंही उत्पन्न वाढतं. आकडा कमी निघावा असं या साखळीत कोणालाच वाटत नाही.

जंगल वाचवण्याच्या प्रकल्पांत हे सर्वांत ठळक दिसलं. तिथे क्रेडिट मिळतं ते न झालेल्या तोडीवर. आम्ही नसतो तर इतकं जंगल तुटलं असतं, असा अंदाज प्रकल्प स्वतःच बांधतो. अंदाज जितका भयंकर, तितकी क्रेडिटं जास्त. २०२३ च्या जानेवारीत 'द गार्डियन', 'डी त्साइट' आणि 'सोर्समटेरियल' यांच्या संयुक्त शोधपत्रकारितेने व्हेराच्या वर्षावन प्रकल्पांतली नव्वद टक्क्यांहून जास्त क्रेडिटं पोकळ असल्याचं मांडलं. व्हेराने ते अमान्य केलं, पण पुढे जंगल प्रकल्पांची आपली मोजणीपद्धत बदलली. त्याच वर्षी झिम्बाब्वेच्या करिबा जंगल प्रकल्पातून त्याची क्रेडिटं विकणारी साउथ पोल ही कंपनी बाहेर पडली. फोक्सवागन, गुच्ची, नेस्ले अशा मोठमोठ्या कंपन्यांनी तिथली क्रेडिटं घेतली होती. यांच्यापैकी कोणाकडे कागद नव्हता का? सगळ्यांकडे होता.

चौथा 'क', काळ. दिलेलं वचन किती वर्षांचं आहे? ॲपलने आपलं घड्याळ जर्मनीत 'सीओटू न्यूट्रल' म्हणून विकलं. भरपाई होती पॅराग्वेमधल्या निलगिरीच्या लागवडीची. प्रकरण फ्रँकफर्टच्या न्यायालयात गेलं. तिथे भाडेपट्टे तपासले गेले आणि दिसलं की लागवडीच्या ७५ टक्के जमिनीचा पट्टा २०२९ मध्येच संपतो. त्यानंतर ती झाडं राहतील याची हमी काय? ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी ही एक. तिच्याकडे पैशाला तोटा नाही, तज्ज्ञांना तोटा नाही. तरी वचन अडलं ते जमिनीच्या भाडेपट्ट्यापाशी.

आणि पट्टा शंभर वर्षांचा असला तरी आग कोणाला विचारून लागते? २०२१ मध्ये ओरेगॉन राज्यात बूटलेग नावाचा प्रचंड वणवा पेटला. मायक्रोसॉफ्टने क्रेडिटं घेतलेलं जंगल त्यात होरपळलं. अशा नुकसानीसाठी काही क्रेडिटं राखीव ठेवतात हे खरं. पण तापमान वाढतं आहे, वणवे वाढत आहेत. राखीव साठा किती पुरणार?

म्हणून आता काही कंपन्या हवेतून कार्बन बाहेर काढून दीर्घकाळ बंदिस्त करणाऱ्या मार्गांकडे वळल्या आहेत. आइसलँडमध्ये क्लाइमवर्क्स या कंपनीचं 'ओर्का' संयंत्र २०२१ मध्ये सुरू झालं. ते हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढतं. मग तो पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बसाल्टमध्ये सोडतात आणि तिथे त्याचा दगड होतो. हे वचन पक्कं आहे, पण क्षमता वर्षाला ४,००० टनांची आणि भाव टनाला शेकडो डॉलर, कधी हजारावर. जगाचं इंधनातून होणारं उत्सर्जन वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन आहे, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

बसाल्ट म्हटलं की आपले कान टवकारतात, कारण आपल्याकडचा सह्याद्री आणि दख्खनच्या पठाराचा मोठा भाग त्याच काळ्या दगडाचा आहे. या दगडाची पूड शेतात पसरली की ती पावसाच्या पाण्याबरोबर हवेतला कार्बन बांधून ठेवते. मध्य भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या माती कार्बन या उपक्रमाला २०२५ मध्ये एक्सप्राइझ या स्पर्धेचं पाच कोटी डॉलरचं पहिलं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षीच्या जानेवारीत गूगलने वराहा या भारतीय कंपनीशी २०३० पर्यंत एक लाख टनांचा करार केला. गुजरातेत माजलेल्या वेड्या बाभळीचा कोळसा करून तो मातीत घालण्याचा.

हा कोळशाचा मार्ग विदर्भ-मराठवाड्याला समजायला सोपा आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायची, बांधावर रचायची आणि पेटवून द्यायची. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात येऊ नये म्हणूनही शेतकरी ती जाळतो. त्यातला जवळजवळ सगळा कार्बन धुरातून वर जातो. हीच पऱ्हाटी शंकूच्या आकाराच्या भट्टीत थराथराने जाळली, की वरच्या ज्वाळा हवा खाऊन टाकतात आणि खालच्या निखाऱ्यापर्यंत हवा पोचत नाही. मग पाणी ओतून विझवायचं. उरतो हलका, सच्छिद्र कोळसा. तो शेणखतात कालवून शेतात घातला की त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं मातीत टिकतो. पण इथेही हात आखडता घेतला तर वचन कच्चं राहतं. पऱ्हाटी ओली असेल तर धुराबरोबर मिथेन निघतो आणि मिळवलेलं तिथेच गमावतो. म्हणून ओलावा मोजावा लागतो, गोण्यांचं वजन करावं लागतं, नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. पक्कं वचन महाग पडतं ते या मेहनतीमुळे, आणि ती मेहनत पैसे मोजण्यासारखी आहे.

पाचवा 'क', आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. कोण? जमीन कोणाची, हात कोणाचे, सही कोणाची? कोष्टकात यासाठी रकाना नसतो. मेघालयात खासी लोकांच्या दहा पारंपरिक हिमांनी, म्हणजे स्थानिक राज्यसंस्थांनी, एकत्र येऊन मावफ्लांगच्या परिसरातलं जंगल राखण्याचा प्रकल्प स्वतः चालवला. निर्णय त्यांच्या दरबारात होतात, पैसा कशावर खर्च करायचा ते गावं ठरवतात. असे प्रकल्प टिकतात, कारण जंगल राखणाऱ्याला ते राखण्यात स्वतःचं भलं दिसतं.

आपल्याकडे गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. आपल्याच जंगलातला बांबू आपण विकू शकतो, हे प्रत्यक्षात यायला २०११ उजाडलं. उद्या त्याच जंगलातल्या कार्बनला बाजारभाव येईल. तेव्हा सही कोण करणार? ग्रामसभा, वनखातं, की मुंबईहून आलेला सल्लागार? ज्या शेतकऱ्याच्या सातबारावर पुढची वीस-तीस वर्षं झाडं उभी राहणार, त्याला करारनामा मराठीत मिळतो का? टनाला किती पैसे ठरले आणि त्यातले त्याच्या हातात किती, हे त्याला कोणी सांगतं का? झाड वादळात पडलं तर दंड कोणाला? हे प्रश्न न विचारता घेतलेलं क्रेडिट कच्चं, कारण ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस ते वचन का पाळील?

मग निवड करायची कशी?

इतकं ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग हे सगळं बंदच करा. मला ते पटत नाही. खारफुटी लावायला, पऱ्हाटीचा कोळसा करायला, दगडाची पूड शेतात न्यायला पैसा लागतो आणि तो आज दुसरीकडून पुरेसा येत नाही. कंपन्यांचा पैसा तिथे जावा अशीच माझी इच्छा आहे. प्रश्न तो कोणत्या अटींवर जावा आणि त्याच्या बदल्यात कंपनीला काय म्हणवून घेता यावं, हा आहे.

पहिली गोष्ट, क्रम. आधी स्वतःचं उत्सर्जन कमी करा, भरपाई शेवटी. सायन्स बेस्ड टार्गेट्स या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचं नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, मानक हेच सांगतं. बहुतेक कंपन्यांनी नव्वद टक्क्यांच्या आसपास कपात स्वतः करायची आणि उरलेलं, जे कमी करणं शक्यच नाही, तेवढ्यापुरता हवेतून काढलेला कार्बन घ्यायचा. भट्टी बदलायची नाही आणि क्रेडिटं घ्यायची, याला कपात म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट, पैसा. टनाला टन जुळवायचं ठरवलं की कंपनी स्वस्त टन शोधत फिरणार, हे आपण पाहिलं. त्याऐवजी स्वतःच्या प्रत्येक टनाला भाव लावा आणि तेवढी रक्कम दरवर्षी बाजूला काढा. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्येच आपल्या कार्बनला टनाला १० डॉलरचा अंतर्गत भाव लावला. असा भाव लावणारी ती पहिली भारतीय कंपनी होती. या रकमेतला मोठा वाटा कारखान्यातल्या सुधारणेवर जावा, उरलेला बाहेरच्या चांगल्या कामाला. रक्कम ठरलेली असेल तर स्वस्तातले शंभर कच्चे टन घेण्यापेक्षा पक्के पाच टन घ्यायला मन धजतं.

तिसरी गोष्ट, जोडी. कोळसा आणि तेल हा कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला कार्बन आहे. तो वर काढला असेल तर भरपाईही दगडासारखी टिकणारी हवी. झाडं लावा, जरूर लावा. पाण्यासाठी लावा, पाखरांसाठी लावा, सावलीसाठी लावा. पण शंभर वर्षांच्या धुरासमोर दहा वर्षांचं झाड मांडू नका.

चौथी गोष्ट, बोलणं. जेवढं केलं तेवढंच सांगा. 'आम्ही अमुक प्रकल्पाला इतके रुपये दिले' हे वाक्य सरळ आणि सन्मानाचं आहे. 'आमचा माल कार्बन न्यूट्रल आहे' हे वाक्य बहुतेक वेळा सिद्ध करता येत नाही. युरोपीय संघाने तर भरपाईच्या जोरावर मालाला असं म्हणण्यावर बंदीचा कायदा केला आहे आणि २७ सप्टेंबर २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख आहे. युरोपला माल पाठवणाऱ्या आपल्या उद्योगांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आणि पाचवी गोष्ट, उघडेपणा. सेबीच्या नियमानुसार देशातल्या सर्वांत मोठ्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना आपल्या पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. २०२३ मध्ये केंद्राने देशांतर्गत कार्बन बाजाराची योजना अधिसूचित केली. म्हणजे हा विषय आता ऐच्छिक पुण्यकर्माचा राहिलेला नाही, तो ताळेबंदाचा होतो आहे. अशा वेळी प्रत्येक कंपनीने पाचही 'क' उघड करावेत. कोणता प्रकल्प, कोणत्या सालची क्रेडिटं, काय भावाने, किती वर्षांच्या हमीने आणि गावाला त्यातलं किती मिळालं.

श्रोतेहो, सारांश सांगतो. किंमत पाहा, पण शेवटी. कथा ऐका, पण आकडा वेगळा तपासा. कागद मागा, पण तपासनिसाला पैसे कोणी दिले तेही विचारा. काळ मोजा, आणि धुराइतकाच लांब मोजा. आणि कोण, हे कधीही विसरू नका.

या सभागृहात भागधारक बसले आहेत, कंपन्यांत नोकरी करणारे आहेत, निवृत्त अधिकारी आहेत आणि उद्या नोकरीला लागणारी मुलंमुली आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाबद्दल आपण हात वर करून विचारतोच. पुढच्या सभेत आणखी एक प्रश्न विचारा. यंदा आपल्या कंपनीने स्वतःचं उत्सर्जन किती टनांनी कमी केलं आणि किती टन विकत घेऊन झाकलं? हे दोन आकडे वेगवेगळे मागा. उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा मागा. कंपन्या भाव पाहतात कारण आजवर त्यांना बाकी काही कोणी विचारलेलं नाही. विचारणारे वाढले की त्यांची निवड बदलेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते विचारण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे. तो वापरा.